काम पोटठेक्याने देता येतं, जबाबदारी नाही

"कागदपत्रं क्लिअर आहेत ना?" असं विचारलं की लहान बिल्डर मंजूर नकाशाची फाईल पुढे करतो. फाईल महत्त्वाची आहेच, पण ती फक्त इमारतीबद्दल बोलते. ती इमारत उभी करणारी चाळीस माणसं कुणाची, त्यांची मजुरी कोण देतं, त्यातला एखादा तिसऱ्या मजल्यावरून पडला तर पोलीस कुणाच्या दारात येणार, हे त्या फाईलमध्ये लिहिलेलं नसतं. ते दुसऱ्या कागदांत असतं, आणि लहान साइटवर नेमके तेच कागद सापडत नाहीत.

मोठ्या टॉवरवाल्यांकडे यासाठी वेगळं खातं असतं, सुरक्षा अधिकारी असतो, वकील असतो. हा लेख त्यांच्यासाठी नाही. चार-पाच मजल्यांच्या इमारती बांधणारे भागीदार, आरसीसीचं काम घेणारे ठेकेदार, आणि सोसायटीच्या पुनर्विकासात अडकलेले कमिटी मेंबर यांच्यासाठी आहे.

एक साइट समोर ठेवू. समजा, पुण्याच्या उपनगरात ६०० चौरस मीटरचा प्लॉट, पार्किंगवर पाच मजले, सोळा फ्लॅट, बांधकामाचा खर्च चार कोटी. दोन भागीदारांची फर्म. त्यांनी आरसीसीचं, म्हणजे सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचं काम एका ठेकेदाराला दिलं. त्याने सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा आणि त्याचे टेकू) एकाला, सळईकाम दुसऱ्याला, वीटकाम आणि प्लास्टर तिसऱ्याला वाटून दिलं. प्रत्येकाचा मुकादम वेगळा. हजेरी कधी तीस, स्लॅबच्या दिवशी साठ. आता कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "माझी माणसं दहाच्या आत आहेत, मला कायदा लागू नाही." सेंट्रिंगवाल्याची आठ, सळईवाल्याची सात, गवंड्यांची नऊ. कागदावर प्रत्येक जण सुटतो. पण इमारतीच्या मालकाकडे बघताना कायदा बेरीज करतो. ठेकेदारामार्फत आलेली माणसंही त्या बेरजेत असतात, आणि गेल्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी आकडा दहा किंवा त्यावर गेला असेल तर ती साइट बांधकाम मजुरांच्या कायद्याच्या कक्षेत येते. एका स्लॅबच्या दिवशीच तो जातो.

आत्ता कोणता कायदा चालू आहे?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ उडतो आणि त्यात त्यांचा दोष नाही. वर्षानुवर्षं बांधकाम मजुरांसाठी १९९६ चे दोन केंद्रीय कायदे होते. एक मजुरांच्या नोकरीच्या आणि सेवाशर्तींचा, दुसरा उपकराचा, ज्याला सगळे 'लेबर सेस' म्हणतात. महाराष्ट्राने त्याखाली २००७ मध्ये स्वतःचे नियम केले. मग २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. १९९६ चे दोन्ही कायदे त्यांत विलीन झाले. सुरक्षेचा भाग व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेत गेला, सेस आणि कल्याण मंडळाचा भाग सामाजिक सुरक्षा संहितेत, मजुरीचा भाग वेतन संहितेत.

पण कायदा बदलला म्हणून जुनी रजिस्टरं रद्दीत घालू नका. नव्या संहितांशी विसंगत नसलेले जुने नियम संक्रमणकाळात चालू राहतात, आणि तुमच्या साइटवर येणारा अधिकारी बहुधा त्याच जुन्या नमुन्यातला कागद मागतो. गाभाही फारसा बदललेला नाही. दहा मजुरांची मर्यादा तीच, एक ते दोन टक्क्यांचा सेस तोच. बदललं ते घरमालकांसाठी. स्वतःच्या राहण्यासाठी घर बांधणाऱ्याला पूर्वी दहा लाखांपर्यंतच्या खर्चाला सूट होती, संहितेत ती मर्यादा पन्नास लाख झाली आहे. विक्रीसाठी बांधणाऱ्याला ही सूट कधीच नव्हती. "मी माझ्या भावासाठी बांधतोय" म्हणत सोळा फ्लॅट बांधणाऱ्यांना हे माहीत असतं, तरी ते विचारून बघतात.

आणखी एक नवी गोष्ट म्हणजे नियुक्तीपत्र. संहितेनुसार प्रत्येक कामगाराला ते द्यायचं आहे. नाक्यावरून सकाळी आठला उचललेल्या बिगाऱ्याला नियुक्तीपत्र ही कल्पना ऐकून ठेकेदार हसतात. पण मराठीत किंवा हिंदीत छापलेलं एक पान, त्यावर नाव, काम, दर, फोटो आणि अंगठा, एवढं करायला दहा मिनिटं लागतात. पुढे वाद झाला की माणूस किती दराने आणि कधीपासून कामावर होता याचा पुरावा तुमच्या हाती राहतो. नाही तर मुकादम सांगेल ते खरं.

परवानग्यांबद्दल थोडक्यात

हा भाग सगळ्यांना पाठ असतो, म्हणून लांबवत नाही. परवानगीचा पाया १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा. बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० मध्ये आलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू, मुंबईला तिची स्वतःची. क्रम असा: नकाशा मंजुरी, प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्याची तपासणी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. आपल्या उदाहरणात जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आहे आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त, म्हणजे महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. तीही जाहिरात करण्याआधी, बुकिंग घेण्याआधी. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि आर्किटेक्ट, इंजिनीअर, सीए या तिघांच्या प्रमाणपत्रांवर काढायचे. करारनामा नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला गेला तर तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा.

एका गोष्टीकडे मात्र हमखास दुर्लक्ष होतं: माती. खोदलेली माती गौण खनिजात मोडते. त्याच प्लॉटवर भरावासाठी वापरली तर प्रश्न वेगळा, पुण्यातल्या बिल्डरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा फरक स्पष्ट केला. पण डंपर भरून बाहेर पाठवायची असेल तर महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) लागतं. नाही तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड येतो. किती ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) गेली हे तलाठी खड्डा मोजून काढतो, त्यामुळे "थोडीच होती" हे चालत नाही.

सेस भरला, पुढे काय?

बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का सेस. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. आपल्या चार कोटींच्या इमारतीला चार लाख. सरकारी कामात तो बिलातून कापला जातो, खासगी कामात बहुतेक ठिकाणी महापालिका परवानगी देतानाच वसूल करते. त्यामुळे बिल्डरच्या डोक्यात तो परवानगीच्या शुल्कांपैकी एक म्हणून बसतो. विकास शुल्क, प्रीमियम, सेस, सगळं एका चॅलनच्या गठ्ठ्यात. भरला आणि विसरला.

माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी गळती इथे आहे. सेस भरणं आणि कामगाराची नोंदणी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातात. पण मंडळाचा लाभ फक्त नोंदणी झालेल्या कामगाराला मिळतो. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम, एवढी अट. नोंदणी जिवंत असेल तर कामावर मृत्यू झाल्यास कुटुंबाला ५ लाख, नैसर्गिक मृत्यूला २ लाख, शिवाय बाळंतपणाची मदत, मुलांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती. नोंदणी नसेल तर शून्य. मग तुम्ही चार लाख भरले असोत की चाळीस.

आणि ती नोंदणी अडते कुठे, तर ९० दिवसांच्या दाखल्यावर. दाखल्यावर ठेकेदाराने सही करायची असते. ठेकेदार सही करत नाही, कारण "हा माझ्याकडे ९० दिवस होता" असं लिहून दिलं की प्रॉव्हिडंट फंड, विमा, बोनस, सगळं मागे लागेल अशी त्याला भीती वाटते. मग कामगार ग्रामसेवकाकडे किंवा पालिकेच्या अधिकाऱ्याकडे फेऱ्या मारतो, किंवा एजंटाला पैसे देऊन दाखला मिळवतो. याच फटीतून ज्यांनी कधी घमेलं उचललं नाही अशांची नावंही यादीत शिरतात, आणि खरा गवंडी बाहेर राहतो. बिल्डरला यात काही करता येतं का? येतं. ठेक्याच्या करारातच लिहा: प्रत्येक मुकादमाने महिनाअखेरीस हजेरीची प्रत द्यायची, आणि ९० दिवस भरलेल्या माणसाला दाखला दिल्याशिवाय त्या महिन्याचं बिल पास होणार नाही. सेसचे पैसे तुमच्याच खिशातून गेले आहेत, ते कुठे पोचतात हे बघणं काही परोपकार नाही. साइटवर दुर्दैवाने काही घडलं तर मंडळाचे ५ लाख तुमच्या भरपाईबरोबर त्या कुटुंबाला उभं राहायला कामी येतात.

खर्ची, उचल आणि पगारपत्रक

साइटवर मजुरीचा व्यवहार तीन शब्दांत चालतो. आठवड्याच्या बाजाराला खर्ची, गावाहून येताना उचल, आणि काम संपल्यावर हिशेब. हिशेब मुकादमाच्या वहीत. मालक ठेकेदाराला स्क्वेअर फुटाने पैसे देतो, ठेकेदार मुकादमाला, मुकादम मजुराला. मधला कुणी पैसे घेऊन पळाला तर?

तर पैसे मूळ मालकाने द्यायचे. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर येते, हे तत्त्व जुन्या कायद्यातही होतं आणि नव्या संहितांतही आहे. दिलेली रक्कम मग ठेकेदाराच्या बिलातून वळती करा किंवा त्याच्यावर दावा लावा, तो तुमच्या दोघांतला मामला. मजुराला त्याच्याशी घेणंदेणं नाही. म्हणून अनुभवी बिल्डर ठेकेदाराचं शेवटचं बिल कधीच पूर्ण सोडत नाहीत. पाच-दहा टक्के अडकवून ठेवतात, आणि मजुरांच्या बँक खात्यात पैसे जमा झाल्याच्या नोंदी दाखवल्यावरच सोडतात. दुप्पट दराने ओव्हरटाइम, आठवड्याची मजुरी आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, महिन्याचा पगार पुढच्या सात तारखेच्या आत, कामावरून काढलं तर दोन दिवसांत हिशेब. या तारखा आता वेतन संहितेत आहेत, बांधकामालाही लागू आहेत. स्लॅबच्या रात्री एक वाजेपर्यंत थांबलेल्या माणसाला वडापाव आणि शंभराची नोट देऊन बोळवण करणं म्हणजे ओव्हरटाइम नव्हे, एवढं तरी मान्य करायला हरकत नाही.

प्रॉव्हिडंट फंडाची मर्यादा वीस माणसांची, राज्य विमा योजनेची दहाची. विमा योजना म्हणजे ईएसआय. ती बांधकाम साइटवरच्या मजुरांना २०१५ पासून लागू झाली, ज्या भागांत योजना आहे तिथे. दरमहा २१,००० पर्यंत मजुरी असलेला कामगार तिच्यात येतो. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. हे पैसे जिवावर येतात, मला माहीत आहे. पण ईएसआयमध्ये असलेला माणूस कामावर दगावला तर त्याच्या कुटुंबाला मजुरीच्या ९० टक्के इतका मासिक लाभ योजनेकडून मिळतो, आणि भरपाईचा भार मालकावर राहत नाही. नसलेला दगावला तर किती भार येतो, त्याचा हिशेब शेवटी मांडला आहे.

खड्डा, स्लॅब, कडा

सुरक्षेचे नियम शेकडो आहेत. सगळे सांगायला गेलं तर कुणी एकही पाळणार नाही. माणसं मरतात ती प्रामुख्याने तीन जागी, म्हणून तिथेच थांबू.

पहिली जागा खड्डा. २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या प्लॉटमधल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. त्या प्लॉटवर नव्या इमारतीचं काम चालू होतं. १५ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. बहुतेक बिहारचे. तीनच दिवसांनी आंबेगावात तसंच घडलं, भिंत पडली आणि सहा जण गेले. दोन्ही वेळी "मुसळधार पाऊस" हे कारण सांगितलं गेलं. पुण्यात जून-जुलैत पाऊस पडतो ही काही अनपेक्षित बातमी नाही. दोन्हीकडे मजूर झोपले होते ती जागा पडू शकणाऱ्या भिंतीच्या पायथ्याशी होती, प्रश्न तो होता.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा संहितेत खड्ड्याचे आकडे साधे आहेत. चर १.२ मीटरपेक्षा खोल असेल तर दर ३० मीटर लांबीला एक शिडी. १.५ मीटर, म्हणजे पाच फुटांपेक्षा खोल असेल तर बाजू पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत्या खोदा किंवा लाकडी-लोखंडी आधार द्या. काढलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, दोहोंत जे जास्त असेल तिथे टाका. चार मीटरचा खड्डा असेल तर ढीग काठापासून किमान दोन मीटर लांब. आता आपल्या साइटवर बघा. सहाशे चौरस मीटरच्या प्लॉटमध्ये दोन मीटर सोडायला जागाच नसते, म्हणून माती शेजाऱ्याच्या कंपाउंडला टेकवून ठेवतात. एका बाजूला पायाखालची माती काढून घेतलेली, दुसऱ्या बाजूला मातीचा ओला दाब, मधे नऊ इंची जुनी भिंत. जागा नसेल तर माती रोजच्या रोज बाहेर जायला हवी, आणि त्यासाठी वर सांगितलेली गौण खनिजाची परवानगी आधी काढलेली हवी. परवानगी रखडली म्हणून ढीग साचतो. महसूल खात्यातला कागद आणि भिंतीखालचा माणूस यांचा संबंध असा जुळतो.

मजुरांच्या राहण्याच्या खोल्या कुठे बांधायच्या हे मुकादमावर सोडू नका. तो पाणी आणि सावली बघून भिंतीलाच टेकवणार. जागा इंजिनीअरने नकाशावर दाखवायची, खड्डा, भिंत आणि क्रेनचा घेर सोडून. आणि अर्धवट इमारतीत कुटुंबं ठेवायची तर अजिबात नाही. ४ एप्रिल २०१३ ला ठाण्याजवळ शिळफाट्याला बिनपरवाना सात मजली इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसं गेली. तिथे वरचे मजले चढत होते आणि खाली लोक राहत होते.

दुसरी जागा स्लॅब, म्हणजे ओलं काँक्रीट अंगावर घेऊन उभी असलेली सेंट्रिंग. जुलै २०१६ मध्ये बालेवाडीत एका उंच इमारतीत स्लॅबचं काम चालू असताना तो भाग कोसळला, नऊ मजूर गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात तर काँक्रीट पडायच्या आधीच सळयांची जाळी कोसळून पाच जण तिच्याखाली अडकून मेले. सळईचा पिंजरा उभा राहिला म्हणजे तो पक्का, असं आपण धरून चालतो. काँक्रीट घट्ट होईपर्यंत तो तोलून धरणाऱ्या चेअर (सळईच्याच घोड्या) आणि तिरपे आधार किती हवेत याचा हिशेब कुणी कागदावर करतच नाही. फिटर डोळ्याच्या अंदाजाने ठरवतो.

सेंट्रिंग खोलण्याचे दिवस मात्र भारतीय मानक ४५६ मध्ये छापलेले आहेत, अंदाजाचा प्रश्नच नाही. कॉलमच्या बाजू १६ ते २४ तासांनी. साडेचार मीटरपर्यंत गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असलेल्या स्लॅबचे प्रॉप, म्हणजे उभे टेकू, सात दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांनी. बीमचे प्रॉप सहा मीटरपर्यंत चौदा दिवस, त्यापुढे एकवीस. हेही साध्या ओपीसी सिमेंटसाठी आणि तापमान १५ अंशांच्या खाली नसताना. आज बहुतेक साइटवर फ्लायअ‍ॅश (कोळशाची राख) मिसळलेलं पीपीसी सिमेंट येतं, ते हळू बळ धरतं, त्यामुळे दिवस वाढवावे लागतात. आणि आपल्याकडे होतं काय? सेंट्रिंगवाल्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर लागतात, तो पाचव्या दिवशी प्रॉप सोडवायला माणसं पाठवतो. साइट इंजिनीअर कोवळा, वर्षभरापूर्वी डिप्लोमा झालेला, तो मुकादमाला नाही म्हणत नाही. यावर उपाय एकच: आरसीसी कन्सल्टंटच्या लेखी परवानगीशिवाय एकही प्रॉप हलवायचा नाही, आणि हे ठेक्यात लिहिलेलं असेल. प्रत्येक स्लॅबची तारीख खालच्या कॉलमवर रंगाने लिहून ठेवा. भिंतीवर तारीख दिसली की वाद निम्मा मिटतो. खालच्या मजल्याचे प्रॉप काढताना हेही लक्षात ठेवा की वर ओतलेल्या नव्या स्लॅबचं वजन त्याच प्रॉपमधून खाली येत असतं.

तिसरी जागा कडा: स्लॅबची कड, लिफ्टचा डक्ट, जिन्याची उघडी बाजू, शाफ्टचं भोक. इथे बिल्डर हेल्मेट आणि बेल्ट घेऊन येतो, फोटो काढतो आणि निश्चिंत होतो. बेल्ट हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी माणूस कडेपर्यंत पोचूच नये अशी सोय हवी: लाकडी किंवा पाइपचं कठडं, डक्टवर पक्कं बांधलेलं प्लाय, खाली जाळी. नुसतं सुटं प्लाय टाकलं तर ते आणखी वाईट, कारण वरून चालणाऱ्याला खाली भोक आहे हे कळतच नाही. आणि बेल्ट घातला तर हूक कशाला अडकवणार? मी साइटवर बघतो तेव्हा हूक बहुतेकदा प्रॉपला किंवा परांचीच्या आडव्या पाइपला असतो. माणूस पडला तर प्रॉप घेऊनच पडेल. कॉलमच्या सळयांना किंवा पक्क्या बीमला बांधलेला दोर नसेल तर त्या बेल्टचा उपयोग फक्त फोटोपुरता.

विजेबद्दल एकच वाक्य. तात्पुरत्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा गळती रोधक ब्रेकर नसेल तर व्हायब्रेटर चालू करू नका, विशेषतः पावसात.

साइटवर २५० किंवा अधिक कामगार असतील तर नव्या संहितेप्रमाणे सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. आपल्या साइटवर साठ आहेत, म्हणून तो नेमण्याची सक्ती नाही. सुरक्षा ठेवण्याचं कर्तव्य मात्र साठ माणसांना तेवढंच लागू आहे. ते कुणाच्या नावावर आहे हे लिहून ठेवलं नसेल तर ते आपोआप मालकाच्या नावावर असतं.

अपघात झाला तर

हा भाग कुणाला वाचावासा वाटत नाही. तरी वाचा, कारण घडल्यावर डोकं चालत नाही.

जखमीला दवाखान्यात, पोलिसांना खबर, आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला लेखी सूचना. जागा जशी आहे तशी ठेवा, माणूस वाचवण्यासाठी हलवावं लागेल तेवढंच हलवा. रात्रीतून कठडं उभारून फोटो काढणारे लोक असतात. पंचनाम्यात ताजं लाकूड दिसतं, आणि निष्काळजीपणाच्या गुन्ह्याबरोबर पुरावा नष्ट केल्याचाही ठपका येतो.

गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली दाखल होतो, निष्काळजीपणाने मृत्यू. पूर्वीच्या दंड संहितेत याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, १ जुलै २०२४ पासून ती पाच वर्षांपर्यंत आहे. मोठी दुर्घटना असेल तर पोलीस सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लावतात, ते बरंच जड. शिवाय नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेखाली, कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातली किमान निम्मी रक्कम मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय करू शकतं.

आता भरपाईचा हिशेब. ईएसआयमध्ये नसलेला तीस वर्षांचा गवंडी, महिन्याची मजुरी १५,००० किंवा त्याहून जास्त. हिशेबासाठी मजुरी १५,००० पर्यंतच धरण्याची मर्यादा २०२० पासून चालत आली आहे. त्याच्या निम्मे ७,५००. तिशीच्या वयाचा गुणक २०७.९८. गुणाकार १५,५९,८५०. वय जितकं कमी तितकी रक्कम मोठी, कारण गमावलेली वर्षं जास्त. महिनाभरात जमा केली नाही तर वर व्याज, आणि पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. हे सगळं मुख्य नियोक्त्याकडून वसूल होऊ शकतं, माणूस सेंट्रिंगच्या मुकादमाचा असला तरी. यासाठी विमा पॉलिसी मिळते, आणि ती घेतलेलीही असते. पण पॉलिसी उघडून बघा: किती मजूर जाहीर केले आहेत? पंधरा दाखवून साठ कामाला लावले असतील तर कंपनी बोट ठेवणारच. आणि पोटठेकेदाराची माणसं तिच्यात धरली आहेत असं कुठे लिहिलं आहे का? बहुतेक वेळा ते वेगळं लिहून घ्यावं लागतं, आणि कुणी घेतलेलं नसतं.

एक शेवटची गोष्ट, जी जुन्या-जाणत्या ठेकेदारांनाही माहीत नसते. अपघातानंतर मृताचा भाऊ गावाहून येतो. मुकादम मध्यस्थी करतो. दोन-तीन लाखांवर "मिटवायचं" ठरतं, पैसे रोख हातात दिले जातात, कागदावर अंगठा घेतला जातो. मृत्यूच्या प्रकरणात अशी थेट दिलेली रक्कम कायदा भरपाई म्हणून मोजत नाही. भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करायची, तो वारस ठरवून वाटप करतो. मालकाने आगाऊ म्हणून थेट दिलेल्या रकमेपैकी तीन महिन्यांच्या मजुरीएवढीच त्यातून वजा होऊ शकते. म्हणजे भावाला तीन लाख देऊन झाल्यावर वर्षभराने मृताची बायको अर्ज करते, तेव्हा सुमारे पंधरा लाखांचं देणं जवळपास जसंच्या तसं उभं असतं, व्याजासकट. म्हणून वारसांना तातडीचा खर्च द्यायचा तर तो बँकेतून द्या, आगाऊ म्हणून पावती घ्या, आणि उरलेली रक्कम महिना संपायच्या आत प्राधिकाऱ्याकडे भरा.